द्राक्षबागायतीतील हिवाळी पाऊस

नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतण्याच्या सुमारास व त्यानंतर, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, महाराष्ट्रातील द्राक्षबागांवर पडणाऱ्या पावसाला द्राक्षबागायतीतील हिवाळी पाऊस म्हणता येईल. शेतकऱ्यांच्या बोलण्यात त्याला ‘अवकाळी’, ‘बेमोसमी’ किंवा नुसतेच ‘वातावरण खराब होणे’ असे म्हणतात. रब्बी ज्वारी-हरभऱ्याला ज्या हलक्या सरीने जीवदान मिळते, तीच सर शेजारच्या द्राक्षबागेत लाखोंचे नुकसान करू शकते. महाराष्ट्र हे भारतातील सर्वाधिक द्राक्ष पिकवणारे राज्य आहे. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे हे त्याचे प्रमुख जिल्हे असून अहिल्यानगर, सातारा, धाराशिव, लातूर आणि जालना या जिल्ह्यांतही बागा आहेत. राज्यातील बहुतेक बागांचे फळ हिवाळ्यात वेलीवर असते. त्यामुळे हिवाळा ओला गेला तर काय करायचे, हा या व्यवसायाचा केंद्रीय प्रश्न आहे.

दोन छाटण्या, एक पीक

युरोपातील थंड प्रदेशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून सुप्तावस्थेत जाते, वसंतात फुटते आणि शरद ऋतूच्या सुरुवातीस फळ देते. तेथे हिवाळ्यात कितीही पाऊस पडला तरी झोपी गेलेल्या वेलीला त्याची फारशी बाधा होत नाही. महाराष्ट्राच्या उष्ण हवामानात वेल अशी आपणहून झोपत नाही. तिची वाढ कधी सुरू व्हावी हे बागायतदार कात्रीने ठरवतो आणि त्यासाठी वर्षातून दोनदा छाटणी केली जाते.

एप्रिलच्या सुमारास होणारी पहिली छाटणी म्हणजे खरड छाटणी. ती ओलांड्यापर्यंत केली जाते व तिच्यानंतर येणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यातील कडक प्रकाशात सूक्ष्म घड तयार होतात. दुसरी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. तिला फळछाटणी, गोडी छाटणी किंवा सरळ ‘ऑक्टोबर छाटणी’ म्हणतात. छाटणीनंतर ४८ तासांच्या आत निवडक डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. या कामाला बागेत ‘पेस्टिंग’ हा शब्द रूढ झाला आहे. थॉमसन सीडलेस व तिच्यातून निवडलेल्या वाणांचे फळ या छाटणीपासून सुमारे १२० ते १३५ दिवसांत काढणीस येते.

ही रचना एका गृहीतकावर उभी आहे. पावसाळा संपला की आकाश स्वच्छ होईल, दिवसा ऊन व रात्री थंडी पडेल आणि वेलीला पाणी फक्त ठिबकमधून, मोजून मिळेल, असे ते गृहीतक होय. महाराष्ट्राच्या पठारी भागात बहुतेक वर्षी ते बऱ्याच अंशी खरे ठरते. म्हणूनच येथे कमी पावसाच्या पट्ट्यात ही बागायत रुजली. ज्या वर्षी ते खोटे ठरते, त्या वर्षी सुधारणेला वाव राहत नाही, कारण छाटलेली वेल पुन्हा न छाटलेली करता येत नाही.

पावसाची कारणे

हिवाळी पावसाची कारणे एकाहून अधिक आहेत. ऑक्टोबरमधील पाऊस बहुधा परतीच्या मोसमी पावसाचा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात कमी दाबाची क्षेत्रे व चक्रीवादळे निर्माण होतात आणि ती किनाऱ्यापासून दूर गेली तरी बाष्प पठारावर आणून सोडतात. डिसेंबरनंतर उत्तरेकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा आणि समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांचा संयोग झाला की ढगाळ हवा, पाऊस व क्वचित गारपीट होते. बागायतदाराच्या दृष्टीने पावसाच्या मिलिमीटरइतकेच त्याच्यामागून येणारे दिवस महत्त्वाचे असतात. दोन तासांत पडून गेलेल्या २० मिलिमीटर पावसानंतर कडक ऊन पडले तर बाग सावरते. चार दिवस नुसती भुरभुर, धुके व दव राहिले तर पाऊस मोजण्याइतका नसूनही नुकसान होते.

वाढीच्या अवस्था आणि नुकसान

एकच पाऊस शेजारच्या दोन बागांत निरनिराळे नुकसान करतो, कारण त्यांच्या छाटणीच्या तारखा निराळ्या असतात. त्यामुळे पाऊस झाल्यावर बागायतदार एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो ‘बाग किती दिवसांची?’ हा. बागेचे वय येथे लागवडीपासून न मोजता छाटणीपासून मोजले जाते.

छाटणीनंतर लगेच पाऊस झाला तर पेस्ट धुऊन जाते व फूट मागेपुढे होते. डोळे फुगून कापसतात आणि नंतर पोंग्यातून कोवळी पाने बाहेर पडतात. या काळात सततच्या ओलाव्याने पांढरी मुळी काम करीनाशी होते आणि ढगाळ हवेत पानांना अन्न तयार करता येत नाही. मग वेल डोळ्यातून बाहेर आलेला लहान घड पोसू शकत नाही. तो घड हळूहळू विरळ होत अखेर बाळीत, म्हणजे वेलीच्या आधाराच्या तंतूत, रूपांतरित होतो. याला ‘घड जिरणे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग अगदी नेमका आहे. घड गळून पडलेला दिसत नाही किंवा कुजलेलाही दिसत नाही, आठवडाभरापूर्वी मोजलेले घड आज मोजताना कमी भरतात एवढेच.

छाटणीनंतर सुमारे ३५ ते ४५ दिवसांनी बाग फुलोऱ्यात येते. त्याआधीची दोडा अवस्था आणि फुलोरा हा सर्वांत नाजूक काळ समजला जातो. फुलांवर पाणी साचले की परागण बिघडते. घडाच्या आत ओलावा कोंडून देठ व फुले सडतात आणि थोडा धक्का लागताच झडतात. ‘गळ’ आणि ‘कुज’ हे दोन शब्द या काळात जोडीनेच ऐकू येतात. थोडी गळ बागायतदाराला चालते, किंबहुना विरळणीचा खर्च वाचतो. मात्र पाऊस किती मणी गाळायचे हे विचारून गाळत नाही.

मणी ज्वारी-बाजरीच्या आकाराचे असताना पाऊस तुलनेने कमी त्रास देतो. त्यानंतर मण्याचा कडकपणा जातो, त्यात गर पातळ होऊ लागतो आणि साखर भरू लागते. या बदलाला ‘मण्यात पाणी उतरणे’ म्हणतात. येथून काढणीपर्यंत सर्वांत मोठी भीती मणी तडकण्याची असते. मुळांनी अचानक पाणी ओढले आणि सालीवरही पाणी राहिले, तर आतील दाब वाढून ताणलेली साल फाटते. आधी जमीन फार कोरडी ठेवलेली असेल तर हे जास्त घडते. पावसाच्या अंदाजाने ठिबक बंद करणे शहाणपणाचे असले, तरी त्यापूर्वी बराच काळ पाणी तोडलेले असेल तर तीच गोष्ट उलटते. तडकलेल्या मण्यातून रस पाझरतो, त्यावर फळमाश्या, मधमाश्या व बुरशी येतात आणि एका मण्याची कुज सबंध घडात पसरते. असे मणी कात्रीने एकेक काढून घड वाचवता येतो. परंतु त्या मजुरीचा खर्च उरलेल्या मालाच्या भावात बसतो की नाही, याचा हिशेब आधी करावा लागतो.

केवडा आणि बोर्डो मिश्रण

पावसाने थेट केलेल्या नुकसानाहून पावसामागून येणारा रोग अनेकदा अधिक महाग पडतो. यांत पहिला क्रम केवड्याचा लागतो. बागेत मात्र त्याला सर्रास ‘डाऊनी’ म्हणतात. प्लास्मोपारा व्हिटिकोला या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे तो होतो. पानाच्या वरच्या बाजूस पिवळसर तेलकट डाग आणि त्याच जागी खाली पांढरी वाढ ही त्याची खूण होय. पानावर काही तास पाण्याचा पातळ थर राहिला आणि तापमान मध्यम असले, की संसर्ग होतो. फुलोऱ्यापूर्वी तो घडावर आला तर घड तपकिरी पडून वाळतो व त्यावर कोणतेही औषध उपयोगी पडत नाही. पाऊस थांबून हवा कोरडी व थंड झाली, की केवडा मागे पडतो आणि भुरी पुढे येते. त्यामुळे एका ओल्या आठवड्यानंतर दोन वेगळ्या रोगांची वेगवेगळी फवारणी करावी लागते. कोवळ्या फुटीवर करपाही येतो.

केवडा हा मूळचा उत्तर अमेरिकेतील रोग आहे. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये आढळला व तेथील बागा उद्ध्वस्त करू लागला. बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांना मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेली निरोगी राहिल्याचे दिसले. वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडलेले होते. त्यावर प्रयोग करून त्यांनी १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ते मिश्रण बोर्डो मिश्रण म्हणून जगभर पसरले. चोरीपासून राखणीसाठी केलेली युक्ती अशा रीतीने रोगापासून राखणीची झाली. महाराष्ट्रात आजही छाटणीनंतर आणि पावसाळ्यात एक टक्का बोर्डो मिश्रण वापरतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी असे त्याचे प्रमाण आहे. दोन्ही द्रावणे वेगवेगळी करून मग एकत्र करावी लागतात आणि मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते. फळावर डाग राहत असल्याने मणी धरल्यावर ते सहसा टाळले जाते.

पाऊस चालू असताना बागेतील काम

औषधाची निवड ही पुस्तकात मिळणारी गोष्ट आहे. औषध बागेत पोहोचवणे ही खरी अडचण असते. नाशिक व सांगलीकडील अनेक बागा काळ्या जमिनीत आहेत. अशी जमीन भिजली की ट्रॅक्टर व त्यामागचा ब्लोअर दोन ओळींमध्ये रुततो आणि काढताना बोदही मोडतो. तेव्हा लांब नळी ओढत हाताच्या गनने फवारणी करावी लागते. एका दिवसाचे काम त्यामुळे तीन दिवसांवर जाते, आणि रोगाला तेवढाच अवधी पुरतो. पाऊस मुळीच उसंत देत नसेल तर मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य बुरशीनाशकाची भुकटी ओल्या पानांवर व घडांवर धुरळतात. फवारणीनंतर तासाभरात सर आली तर स्पर्शजन्य औषध धुऊन जाते आणि पुन्हा फवारावे लागते. आंतरप्रवाही औषध पानात शिरलेले असल्याने काही प्रमाणात टिकते. मात्र तेच ते वारंवार वापरले तर रोगकारकात प्रतिकारशक्ती निर्माण होते.

औषधाशिवायची कामेही कमी नाहीत. पाऊस थांबताच, अनेकदा पहाटेच, माणसे ओळीओळीने जाऊन तारा हलवतात व घडांतील पाणी झटकतात. काही जण ब्लोअरमध्ये पाणी न भरता नुसता वारा मारून घड कोरडे करतात. बगलफुटी व दाट पाने काढून मांडवात हवा खेळती करणे, चर खणून साचलेले पाणी बाहेर काढणे, पावसापूर्वी नत्रयुक्त खत थांबवणे, ही कामे पूर्वतयारीत मोडतात. जानेवारीत अति थंडी व उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद लावण्याची पद्धत आहे. पाऊस झाल्यास तेच भिजलेले कागद घडाला चिकटून ओलावा धरतात, म्हणून एक-दोन दिवसांत ते सर्व काढून टाकावे लागतात. ज्या मजुरांनी ते लावले त्यांनाच पुन्हा बोलवावे लागते.

छाटणीची तारीख

पावसानंतरच्या उपायांवर बरेच लिहिले जाते. प्रत्यक्षात हिवाळी पावसाविरुद्धचा सर्वांत मोठा निर्णय पावसाच्या कितीतरी आधी, फळछाटणीची तारीख धरताना, होऊन गेलेला असतो.

१० सप्टेंबरला छाटलेली बाग ऑक्टोबरच्या मध्यानंतर, म्हणजे परतीच्या पावसाच्या तोंडावर, फुलोऱ्यात येते. ती निभावली तर जानेवारीत, बाजारात माल कमी असताना, चांगला भाव मिळतो. १० ऑक्टोबरची छाटणी नोव्हेंबरच्या मध्यानंतर फुलते आणि फेब्रुवारीत तयार होते. हा मधला मार्ग असल्याने बहुसंख्य बागा त्यावर चालतात व त्याच काळात माल उतू जाऊन भाव पडतो. नोव्हेंबरपर्यंत छाटणी लांबवली तर ऑक्टोबरचा पाऊस चुकतो. परंतु कोवळी फूट व मणी डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात सापडून वाढ मंदावते. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे नीचांकी तापमान त्यामुळेच द्राक्षपट्ट्यात उत्सुकतेने वाचले जाते. शिवाय अशा बागेचे फळ मार्च-एप्रिलच्या उन्हात, क्वचित वळवाच्या व गारांच्या तावडीत येते. सुरक्षित तारीख अशी नसतेच. कोणता धोका पत्करायचा एवढेच निवडता येते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे बागेचे तुकडे करून दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने छाटणे. दोन एकरांच्या बागायतदाराला तो फारसा परवडत नाही, कारण पेस्टिंग, विरळणी व काढणीला मजुरांची टोळी एकदाच मिळते आणि व्यापारीही लहान मालासाठी दोनदा येत नाही. ओल्या ऑक्टोबरात सगळेच छाटणी पुढे ढकलतात. मग उघडीप मिळताच एकाच आठवड्यात सर्व गावांत छाटणी सुरू होते, मजुरीचे दर वाढतात आणि तो सर्व माल पुढे एकाच पंधरवड्यात बाजारात येतो. अशा वर्षी पावसाने न बिघडलेल्या बागेचाही तोटा होतो. नुकसानीच्या पंचनाम्यात तो कोठेच दिसत नाही.

नाशिक जिल्ह्यातील बागलाण, कळवण, देवळा व मालेगाव या ‘कसमादे’ भागातील काही बागायतदार याच्या पलीकडे जाऊन जून ते ऑगस्टमध्येच फळछाटणी करतात. ही ‘अर्ली’ द्राक्षे नोव्हेंबर-डिसेंबरपासून तयार होतात व बहुधा चढ्या भावाने जातात. त्यांचा सबंध फुलोरा भर पावसाळ्यात असतो आणि काढणी ऐन चक्रीवादळांच्या दिवसांत. फवारण्यांची संख्या व भांडवल दोन्ही येथे मोठी असतात.

काही ओले हंगाम

नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ चक्रीवादळ ११ नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर आले. त्याच्या पावसात फुलोऱ्याच्या आसपास असलेल्या बागांचे व्यापक नुकसान झाले आणि केवड्याने तो हंगाम गाजला. फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ मधील गारपिटीने काढणीस आलेला माल झोडपला. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरच्या सुरुवातीस, अरबी समुद्रात ‘क्यार’ व ‘महा’ ही वादळे पाठोपाठ असताना, पावसाने दिवसेंदिवस उघडीप दिली नाही. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत नाशिकपासून सांगली-सोलापूरपर्यंत पाऊस झाला. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाडसह नाशिक जिल्ह्यात पावसाबरोबर गारपीट झाली. त्या दिवशी अर्ली बागांत पिकलेले घड होते, सप्टेंबर छाटणीच्या बागांत वाढते मणी होते आणि ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्यात होत्या. पावसाने या तिन्हींत फरक केला असता, गारांनी तो केला नाही. गारांच्या जखमा काड्यांवरही उरतात. म्हणून ज्या बागेत त्या वर्षी एक घडही विकला जाणार नाही, त्या बागेतही एप्रिलच्या छाटणीपर्यंत फवारणी व पाणी चालू ठेवावे लागते.

औषधांचे अवशेष आणि निर्यात

प्रत्येक औषधाला शेवटची फवारणी व काढणी यांमधील किमान दिवसांची मर्यादा असते. तिला काढणीपूर्व कालावधी म्हणतात. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला तर फवारावे की माल तसाच सोडावा, असा पेच पडतो. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्यासाठी सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष आढळल्याने युरोपातील बंदरांत भारतीय द्राक्षे अडकली व निर्यातदारांसह बागायतदारांनाही मोठा फटका बसला. ते रसायन रोगावरचे नव्हते. तथापि बागेत जे जे शिंपडले जाते त्याची नोंद ठेवण्याची सवय त्या हंगामाने लावली. निर्यातक्षम बागांची नोंदणी कृषी विभागाकडे होते व ‘अपेडा’च्या ग्रेपनेट प्रणालीद्वारे पेटीपासून बागेपर्यंत माग काढता येतो. काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. मांजरी येथील, १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हंगामात हवामानानुसार सल्ले देते व वापरास योग्य औषधांची यादी प्रसिद्ध करते.

देशांतर्गत बाजारात प्रयोगशाळेपेक्षा व्यापाऱ्याची नजर महत्त्वाची ठरते. बागेत सौदा ठरून इसार दिल्यानंतर पाऊस झाला, तर भाव पाडून मागणे किंवा सौदाच मोडणे हे नित्याचे आहे. लेखी करार क्वचितच असल्याने बागायतदाराच्या हाती फारसे काही राहत नाही. तडकलेला माल दोन दिवसांत हलवावा लागतो, हे दोघांनाही ठाऊक असते.

मजूर

निफाड-दिंडोरी भागातील बागांत सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या छाटणीपासून काढणीपर्यंत येतात. फेलफुटी काढणे, विरळणी, घड संजीवकात बुडवणे ही कामे बहुधा एकरावर उक्ती दिली जातात. पावसाचे दिवस त्यांच्या दृष्टीने बिनमजुरीचे असतात. घड जिरले वा कुजले तर पुढची विरळणी व पेटी भरण्याचे काम होत नाही आणि टोळी हंगाम अर्धवट टाकून परतते. नुकसानभरपाई सातबाऱ्यावरील क्षेत्राप्रमाणे मिळते. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याचे नुकसान तीत मोजले जात नाही. ओल्या बागेत घाईघाईने, तोंडाला पुरेसे संरक्षण न घेता केली जाणारी फवारणी हा प्रकृतीच्या दृष्टीने गंभीर व दुर्लक्षित विषय आहे.

बेदाणा

सांगली जिल्ह्यातील तासगाव, कवठे महांकाळ, मिरज आणि सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर, सांगोला या भागांत द्राक्षांचा मोठा हिस्सा बेदाण्याकडे जातो. पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षे शेडमधील जाळीच्या रॅकवर पसरतात आणि कोरड्या हवेत ती सुमारे दोन आठवड्यांत सुकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस आला तर शेडवर छप्पर असूनही हवेतील दमटपणाने सुकणे लांबते, माल काळपट व चिकट होतो आणि प्रत घसरते. भाव पडला की द्राक्षे बेदाण्याला घालायची, ही बागायतदाराची शेवटची वाट. पावसाळी हवेत तीही भरवशाची राहत नाही.

आच्छादन

वेलींवर कमानीने पारदर्शक प्लास्टिक घालण्याचा उपाय अलीकडे वाढत आहे. पाने व घड कोरडे राहत असल्याने केवड्याचे प्रमाण व फवारण्या घटतात आणि मणी तडकणेही कमी होते. त्याचा एकरी खर्च बागेच्या मूळ उभारणीशी तुलना करावी इतका असतो, कागद काही वर्षांनी बदलावा लागतो आणि वादळी वाऱ्यात सांगाड्यासह मांडव कोसळण्याचा धोका राहतो. कागदाखाली प्रकाश कमी व उष्णता जास्त होत असल्याने खत-पाण्याचे वेळापत्रकही बदलावे लागते. पाऊस वरून अडवला तरी जमिनीतून मुळांपर्यंत पोहोचणारे पाणी अडत नाही. म्हणून चर व उंच बोद यांची गरज आच्छादनानंतरही संपत नाही.

विमा आणि कर्ज

द्राक्षासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा योजना उपलब्ध आहे. तिच्यात प्रत्यक्ष बागेची पाहणी करून भरपाई ठरत नाही. महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्रावर नोंदलेला पाऊस व तापमान ठरावीक मर्यादा ओलांडते की नाही, यावर ती ठरते. गारपिटीसाठी वेगळे, ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. ही पद्धत जलद असली तरी तिचा दोष उघड आहे. हिवाळी पाऊस शिवारागणिक बदलतो, आणि दहा किलोमीटरवरच्या केंद्रात कोरडे ऊन असताना बागेत घड गळालेले असू शकतात. शिवाय भुरभुर पावसाची नोंद मर्यादेच्या खाली राहते. धुक्याची तर होतच नाही.

द्राक्षाचा उत्पादनखर्च एकरी काही लाखांत जातो आणि त्यातील मोठा भाग फळ दिसण्यापूर्वीच झालेला असतो. पीककर्ज सोसायटी वा बँकेचे, औषधे-खते कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर, मजुरी रोख, असा सर्वसाधारण प्रकार आहे. पीककर्जाची फेड बहुधा ३१ मार्चच्या आत करायची असते, म्हणजे उशिरा छाटलेल्या बागेचे पैसे हाती येण्यापूर्वी किंवा त्याच आठवड्यात. ओल्या हंगामात उत्पन्न घटते व त्याच वेळी औषधाची उधारी नेहमीहून वाढते. कांदा किंवा टोमॅटो बुडाला तर शेतकरी पुढच्या हंगामात पीक बदलू शकतो. बारा-पंधरा वर्षांसाठी लोखंडी अँगल, तारा व ठिबक यांत पैसा घातलेल्या बागायतदाराला एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणीच करावी लागते.

लागोपाठ दोन-तीन हंगाम ओले गेल्यानंतर नाशिक व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत काही बागायतदारांनी बागा तोडल्या आहेत. काहींनी अँगल व तारा भंगारात विकल्या. काहींनी मांडव तसाच ठेवून त्यावर दोडका, कारले यांसारखे वेल चढवले आहेत.